नाडी नसलेल्या आजोबांची विचारपूस

मी एक जुना पेशंट आहे. दचकू नका मित्रांनो, मला काही झालेलं नाही. नर्सिंग कॉलेजात मुली ज्याच्यावर शिकतात तो रबराचा पुतळा म्हणजे मी. जगातली बहुतेक दुखणी मी काढली आहेत आणि अजून ठणठणीत आहे, अशी फुशारकी दुसऱ्या कोणी मारून दाखवावी!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून काढताना माझा डावा कान जरा दुमडला, तो तसाच राहिला. माझी छाती डब्याच्या झाकणासारखी उघडते. आत फुप्फुसं, जठर, आतडी सगळं जागच्या जागी आहे. हातात नळ्या आहेत, त्यांत लाल पाणी भरलं की सुई टोचायचा सराव होतो. नाडी मात्र मला दिली नाही. किंमत वाढली असती म्हणे.

कॉलेजात आल्यावर मला खिडकीजवळची खाट मिळाली. पहिल्याच दिवशी मुलींनी मला 'आजोबा' करून टाकलं. माझं लग्नही झालेलं नव्हतं, पण विचारतो कोण! शिकवणाऱ्या बाई फार कडक. पेशंटला न सांगता हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे दिवसभर माझ्याशी कोणी ना कोणी बोलत असायचं. आजोबा, मी तुमची नाडी बघते हं. आजोबा, आता थोडं टोचेल हं. मला टोचत नव्हतं, पण ते 'हं' फार आवडायचं. परीक्षा जवळ आली की माझा भाव वधारायचा. मुली रांग लावून माझं अंग पुसायच्या, आणि मी कधी कुरकुर करत नाही म्हणून कौतुक करायच्या.

संध्याकाळी दिवे बंद झाले की मात्र खोलीत चिटपाखरू नसायचं. छताकडे बघत पडून राहायचं, दुसरं काय.

अशाच एका वर्षी भिंगरी आली. तिचं खरं नाव हजेरीत होतं, पण इकडून तिकडे सारखी भिरभिरायची म्हणून मैत्रिणींनी हे नाव पाडलं. तिचे बाबा रंगारी होते, लोकांची घरं रंगवायचे. आई नव्हती. धाकटा भाऊ शाळेत होता. पहिल्या वर्षाची फी बाबांनी साठवलेल्या पैशांतून भरली आणि तिथे पैसे संपले. पुढच्या तीन वर्षांसाठी कर्ज काढावं लागणार होतं. बँकेला जामीन हवा होता, म्हणजे बाबाच.

हे सगळं मला कसं माहीत, असं तुम्ही विचाराल. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बाहेर जायच्या. भिंगरी डबा घेऊन माझ्या खाटेजवळच्या स्टुलावर बसायची. एका हाताने खायची आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरायची, सराव म्हणून. नाडी नसलेल्या माणसाचं मनगट धरून करणार काय? ती हिशेबच करायची. कर्ज घेतलं तर व्याज दर महिन्याला बाबा भरणार. नोकरी लागली की हप्ते ती भरणार, आणि कित्येक वर्षं अर्धा पगार त्यातच जाणार. सोडून दिलं, तर दवाखान्यात मावशीचं काम उद्याच्या उद्या मिळेल. बेडपॅन उचलायचे, लाद्या पुसायच्या. पगार आज हातात, पण तो जन्मभर तेवढाच. ती बेरीज मांडायची, मोडायची, पुन्हा मांडायची.

एकदा ती डबा तसाच ठेवून माझ्याकडे वळली. म्हणाली, "आजोबा, कर्ज घेतलं तर मी नर्स होते, पण बाबा शिडीवरून खाली उतरत नाहीत. नाही घेतलं तर बाबा उतरतात आणि मी कायमची खाली राहते. तुम्हीच सांगा, काय करू?"

आणि ती खरंच थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मित्रांनो, माझं तोंड फक्त नळी घालण्यापुरतं आहे. त्या दिवशी मला माझ्या रबराचा जितका राग आला, तितका कधी आला नव्हता. घंटा वाजली तशी तिने डबा बंद केला आणि हात धुवायला गेली.

त्याच महिन्यात बाईंनी तिच्या बाबांना भेटायला बोलावलं. ते दाराशीच थबकले. नखांत पांढरा रंग, पायांत घट्ट बूट, आणि चेहरा असा की नाही म्हणायला आलेत हे कोणीही ओळखावं. घरी त्यांनी तिला सांगितलंच होतं, की उसन्या पैशांवर मोठं होऊ नये, माणूस मान वर करून चालू शकत नाही. बाईंनी त्यांना बसवलं, तिच्या हाताचं कौतुक केलं. ते ऐकत होते आणि माझ्याकडे बघत होते.

"आणि या गृहस्थांची फी कोण भरतं?" त्यांनी विचारलं. मुली खुदकन हसल्या. मलाही हसू आलं असतं.

मग ते भिंगरीला म्हणाले की वर्षभर काय शिकलीस ते दाखव तरी, माझ्यावरच दाखव. झालं! दोघींनी मला उचललं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत टेकवलं. माझ्या खाटेवर पहिल्यांदा हाडामांसाचं माणूस आडवं झालं. खोटं कशाला बोलू, मला थोडा हेवा वाटला.

ते सपाट झोपले आणि लगेच खोकू लागले. रंगाची धूळ छातीत बसलीय म्हणाले, आणि आणखी एक उशी मागितली. भिंगरीने उशी दिली. मग रोज मला सांगायची तसं हळू आवाजात सांगितलं, की बाबा, मी आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते आहे, घाबरू नका. एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि एवढा मोठा माणूस अलगद वळला. तिने पाठ तपासली. हाताची नखं बघितली. रंगारी भिंतीकडे तोंड करून पडले होते. बोलले तेव्हा आवाज ओला झालेला होता.

"मला आजवर इतक्या मानाने कोणी हात लावला नाही, पोरी. कुठे सही करायची ते सांग. मी करतो."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी चष्मा पुसला. पण भिंगरीचं अजून संपलं नव्हतं. डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं म्हणजे पायापर्यंत. तिने बाबांचे मोजे उतरवले आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून सोडला. माझ्या पायावर तिने हे कितीदा तरी केलं होतं. रबर लगेच वर यायचं, आणि इथे खड्डा पडलाय असं समजा, असं बाई म्हणायच्या. त्या दिवशी काही समजावं लागलं नाही. खड्डा पडला आणि तसाच राहिला. तिने दुसरा पाय दाबला. तिथेही तेच.

"बाबा, हे कधीपासून आहे?"

"काय ते? बूट जरा घट्ट होतात अलीकडे."

भिंगरीने बाईंकडे पाहिलं. बाईंनीही पाय पाहिला आणि त्याच पावली बापलेकींना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेल्या. मी खुर्चीतच राहिलो. मला खाटेवर परत ठेवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढचं मला बाईंच्या बोलण्यातून कळलं. हृदय थकलं होतं, म्हणून पायांत पाणी साचत होतं. वेळेवर कळलं म्हणून निभावलं. पण शिडी कायमची बंद. एका वर्षाची फी त्या एका अंगठ्यात वसूल झाली, असं माझं मत आहे. पण माझं मत बँकेत चालत नाही.

काही दिवसांनी भिंगरी पांढरा कोट परत करायला आली. बाईंनी तिला खूप समजावलं. जामीन मी राहते, असंसुद्धा म्हणाल्या. भिंगरी खालमानेने उभी होती.

"जामीन मिळेल हो बाई. पण आता कमावती मी एकटीच. व्याज कोण भरणार, औषधं कोण आणणार?"

वर्षभर तुझी जागा राखते, एवढंच बाई म्हणाल्या, आणि पाठ फिरवून कपाटात काहीतरी शोधत राहिल्या. भिंगरी माझ्याजवळ आली. माझी चादर नीट केली. मी फार एकटा पडलो, मित्रांनो.

वर्ष पुरं व्हायच्या आतच कॉलेजात नवा पुतळा आला. तो श्वास घेतो, खोकतो, बटण दाबलं की कण्हतो. त्याच्या घोट्यावर खड्डासुद्धा पडतो म्हणे! मला जिन्याखालच्या अडगळीत आणून ठेवलं. इथे मोडक्या सलाइनच्या दांड्या आहेत, गळक्या बादल्या आहेत. माझ्या हातावर कोणीतरी ओलं फडकं वाळत घालतं. धूळ बसू नये म्हणून डोक्यावरून चादर ओढली आहे. अशी चादर कधी ओढतात ते मला माहीत आहे, माझ्यावरच शिकवलं होतं.

कर्ज काढावं की काढू नये, ते मला विचारू नका. तिचं चुकलं की बरोबर, हेही मला ठरवता आलेलं नाही. पण एवढ्या मोठ्या हिशेबाला तिच्याजवळ बसायला एक रबराचा म्हाताराच होता, हे मात्र बरं झालं नाही. तुमच्या घरात, वर्गात कोणी असं एकट्याने बेरजा करत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. तुम्हाला बोलता येतं.

आणि एक काम करा. नवं वर्ष सुरू झालं की जिन्यावरून बुटांचे आवाज वर जातात. त्यात तिचे असतील का, हे चादरीखालून मला कळत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या इमारतीत गेलं, तर बाईंना विचारा, भिंगरी परत आली का? मग जिन्याखाली या आणि जरा मोठ्याने सांगा, माझा एक कान दुमडलेला आहे. ती आली नसेल, तरीही या. तिचे बाबा कसे आहेत, तेवढं तरी मला सांगा.