साहेबाच्या डोळ्यातलं पाणी

साक्रीजवळच्या टेकडीवर दर गुरुवारी शंभरेक माणसं एका थडग्यापुढे बसत. दगडावर पंखवाला चेहरा कोरलेला होता आणि त्याच्या डोळ्यातून पाणी ठिबकायचं. खाली शंभर वर्षांपूर्वी तापानं मेलेला गोरा साहेब होता.

"सायेब रडी राहिना. बठ्ठा हात जोडा," भटू भगत सांगायचा; साहेब रडतोय, सगळ्यांनी हात जोडा. जिवंतपणी इंग्रजी बोलणारा साहेब मेल्यावर भटूशी मात्र अस्सल अहिराणीत बोले. तो तहानलेला मेला म्हणे, म्हणून बायका थडग्यामागच्या भोकात घागरी ओतत.

धुरपदाबाईची घागर कोसभरावरून यायची. तिचा मुलगा अभिमन ब्रह्मदेशच्या लढाईला गेला, त्याला आठ वर्षं झाली होती. त्याच वर्षी पलटणीचं पत्र आलं तेव्हा भटूनं बजावलं, साहेब रडतोय तोवर पोऱ्या वाटेवर आहे, पाकीट फोडलं की वाट बंद. लेक बोलवायची, पण पोऱ्या परतला तर त्याला घराला कुलूप दिसेल म्हणून म्हातारी गाव सोडेना. अभिमनच्या वाटच्या दोन भाकरी ती रोज मला आणून द्यायची. मी गावचा मास्तर, एकटा. भटूवर संशय असूनही त्या भाकरींसाठी मी वर्षभर गप्प बसलो, याची लाज वाटते.

एका गुरुवारी मी भोकापुढेच बसलो. "आज पाणी नाही."

"सायेब कोपी," भटू म्हणाला.

"माझ्यावर कोपू द्या."

दुपारपर्यंत डोळा कोरडा पडला. मागचा दगड सरकवला, तर आत मडकं. त्यातून कापसाची वात डोळ्यामागच्या छिद्रात गेलेली. पिंडीवरच्या अभिषेकपात्राचीच युक्ती. भटू केव्हाच टेकडी उतरला होता.

धुरपदाबाईनं वात चाचपली. "हाई पानी ते मनंच शे," ती म्हणाली. तिच्याच घागरीचं पाणी होतं ते. मग दगडाकडे बोट केलं. "काय लिखेल शे?"

"जन्म स्कॉटलंडचा. दगड आईनं पाठवला."

"ती आठे उनी का?"

"इथे नाही आली. तिला पत्र गेलं असेल."

"तिनी वाचं?"

"वाचलं, म्हणून तर दगड आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. सोबत भाकर एकच होती. "वाची द्या, मास्तर."

मी वाचलं. अभिमन आठ वर्षांपूर्वीच लढाईत मेला होता. ती रडली, पोटभर, पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी. आठवड्यानं लेक येऊन तिला घेऊन गेली.

आता माझ्या दाराशी कुणी येत नाही. भाकरी मीच थापतो, त्या करपतात. तरी सांगतो, बाबांनो, घागर ओतण्याआधी भोकात हात घालून बघा. आणि पत्र आलं तर ते वाचा.