पिरंबुसामींचं तांबडं पाणी

रविवारी तांबरमच्या कल्याणमंडपात, लग्नाच्या हॉलात, मुंगीला शिरायला जागा नव्हती. पिरंबुसामी आले होते. पिरंबु म्हणजे वेत. भस्म माखलेल्या वेताने सामी अंगातलं भूत झोडपून काढत आणि वेताचं टोक हळदीच्या पिवळ्या तीर्थात बुडवत. तीर्थ लाल झालं की भूत मेलं. इतकं झटपट पोस्टमॉर्टेम कुठल्या इस्पितळात होत नसेल.

रंजनीच्या कडेवर सहा वर्षांची दिव्यश्री होती. तिला डाऊन सिंड्रोम होता आणि जन्मापासून हृदयाला भोक. जोरात रडली की ओठ निळे पडत. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. सासूबाई, कनकाबाई, मात्र आधी सामींना दाखवायचंच म्हणून हटून बसल्या. नवरा श्रीवत्स ओरगडमच्या कारखान्यात इंजिनं तपासायचा. तिथे बिघाड निघाला तर तो स्वामी बोलावत नसे, पण आईपुढे त्याने मान डोलावली.

सामींनी पोरीला पालथं पाडलं आणि श्रीवत्सला पाय धरायला सांगितलं. त्याने धरले.

पहिला वेत बसला तेव्हा दिव्यश्री हसली. तिला खेळ वाटला. दुसऱ्याने फ्रॉक फाटला. मग सपासप वेत बसत गेले आणि ती किंचाळू लागली. रंजनी झेपावली, तर दोन शिष्यांनी तिचे दंड पिरगाळले. पोरीचे ओठ निळे पडले, नखं निळी पडली.

"बघा, नीलपिशाच वर आलं," सामी गर्जले. "हेच काळीज कुरतडून बसलंय."

वेत तीर्थात बुडाला. पाणी लालभडक झालं. मंडपभर हात जोडले गेले, कनकाबाई आडव्या पडल्या. ऑपरेशन रद्द करा, पुढच्या रविवारीही आणा, असं सामींनी फर्मावलं.

शिष्यांनीही हात जोडले, तशी रंजनी त्यांच्या तावडीतून सुटली. तिने लेकीला ओढून घेतलं आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे तिचे गुडघे छातीशी दाबून धरले. हळूहळू ओठांवरची निळाई ओसरली. धापा टाकत दिव्यश्रीने समोरच्या पातेल्याकडे पाहिलं, लाल पाण्यात बोट बुडवलं आणि आईच्या कपाळावर टिळा लावला.

"वाणीआत्या," ती म्हणाली.

रंजनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेल्याच महिन्यात, याच मंडपात नणंदेचं, वाणीचं लग्न झालं होतं. नवरानवरीवरून ओवाळायचं तांबडं पाणी रंजनीनेच हळदीत चुना कालवून केलं होतं आणि ते ढवळायला दिव्यश्री बसली होती. ओवाळून झाल्यावर त्याच पाण्याचा टिळा लावला होता. मंडपातल्या प्रत्येक बाईने हे पाणी जन्मभर केलेलं, आणि आज त्याच बायका त्याला भुताचं रक्त समजून हात जोडत होत्या.

"अत्तै, तुमचा पानाचा डबा द्या," ती सासूला म्हणाली. डब्यातला बोटभर चुना तिने शेजारी भरून ठेवलेल्या पिवळ्या तीर्थाच्या दुसऱ्या पातेल्यात कालवला. पाणी लाल झालं. "आता सांगा, इथे कुणाचं भूत मेलं?"

सामींचा वेत तिच्या गालावर बसला. कातडं फाटून खरं रक्त आलं. तिने वेत हिसकावला, त्यावरचं भस्म अंगठ्याने खरवडून सासूपुढे धरलं. रोज पानाला चुना लावणाऱ्या कनकाबाईंनी ते बोटांत चोळून पाहिलं. भस्मात चुना होता. त्यांचा चेहरा उतरला.

मग मंडप उसळला. क्षणापूर्वी जोडलेल्याच हातांनी सामींना बडवलं, कुणी पातेलं त्यांच्या डोक्यात घातलं. सगळ्यांत जोरात श्रीवत्स मारत होता.

"तुझे हात पोरीचे पाय धरत होते," रंजनी म्हणाली. "आता तिला उचल. त्याला पोलीस बघतील."

पाठीवरच्या जखमा भरेपर्यंत डॉक्टरांना ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. ते दिवस रंजनीने लेकीचा श्वास ऐकत जागून काढले. अखेर भोक शिवलं गेलं. दिव्यश्री घरी आली तेव्हा उंबऱ्यात कनकाबाई ओवाळायला उभ्या होत्या. त्यांनी चुना नातीच्या हातात दिला. तिने तो कालवला, पाणी लाल झालं आणि ती खुदकन हसली.

डाऊन सिंड्रोम हा कुणाचा शाप नाही, आणि हृदयाचं भोक वेताने बुजत नाही. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे कसं झालं? दिव्यश्रीच्या पाठीवरचे वळ अजून गेलेले नाहीत.