बॉनेटवरचे सात ठिपके

थिनरने भिजवलेली चिंधी लाल गाडीच्या बॉनेटच्या पुढच्या कडेवरून फिरली आणि तिला लाल रंग लागला. कंपाउंडरकाका थबकले. नाक्यावरच्या पेंटरने बजावून सांगितलं होतं, की कंपनीचा रंग थिनरच्या एका हाताने निघत नाही. निघालाच, तर वरून कुणीतरी काहीतरी लावलंय असं समजायचं. पण बावीस वर्षांत या गाडीला त्यांच्याशिवाय हात लावणारं होतं कोण?

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चिंधी डोळ्यांजवळ धरली. लाल रंगात बारीक चमक होती. नेलपॉलिश.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं सांगितल्यावर काकांनी ती विकायला काढली होती. ज्या दवाखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं औषधं दिली, तिथल्याच नव्या नर्सबाई घ्यायला तयार झाल्या. इंजिन त्यांना पसंत पडलं. बॉनेटवरच्या लॅकरचे, म्हणजे रंगावरच्या चकचकीत थराचे, पापुद्रे मात्र उन्हात भाजलेल्या पाठीसारखे सुटले होते. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून काका तडक घरी आले. मग पेंटरने दया येऊन एका कागदावर सगळी कृती लिहून दिली: आधी थिनरचा हात, मग पाण्याचा पॉलिश पेपर, प्रायमर, रंगाचे पातळ तीन हात, वर लॅकर. "घाई केलीत की ओघळ आलेच," तो म्हणाला होता. घाई करणं काकांच्या स्वभावातच नव्हतं. थेंब मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता.

कडेवर आणखी सहा ठिपके सापडले. सगळे तांदळाएवढे, नीट भरलेले, बोट फिरवल्यावर जेमतेम लागतील इतके.

त्यांनी मुलीला फोन लावला. लहानपणी केलेला खेळ असेल, अशी त्यांची समजूत.

"आईचे आहेत ते," मुलगी म्हणाली. "तुम्ही आंघोळीला गेलात की ती बाटली घेऊन खाली जायची. रंग जुळावा म्हणून मला चार दुकानं फिरवली होती तिने."

"पण तिने तर गाडी चालवणंच सोडलं होतं."

"टवके तुमच्याच हातून उडालेले, बाबा. रस्त्यावरच्या खडीचे. मी तिला म्हटलंही, तू चालवतच नाहीस, तुला कोण बोलणार? तर म्हणाली, त्यांना कुठे ठाऊक असतं कुणाच्या हातून काय झालं ते. सकाळी सकाळी घराचा सूर बिघडायला नको."

काकांनी फोन ठेवला आणि ते पायरीवर बसले.

त्यांच्या बायकोने चव्वेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली होती. तीन महिने शिकली, पहिल्या फटक्यात लायसन्स मिळवलं, आणि एकटीने गाडी बाहेर काढली त्याच दिवशी फाटकाच्या खांबाला दार घासून आणलं. वीतभर ओरखडा. काका दवाखान्यातून दमून आले होते. शेजारचे दोघे उभे आहेत हेही त्यांनी पाहिलं नाही. "हातात दिलेली वस्तू सांभाळता येत नाही, तर हात लावावाच कशाला?" असं ते मोठ्यांदा बोलले. तिने किल्ली खिळ्याला अडकवली आणि कुकर लावायला आत गेली. पुन्हा तिने किल्ली घेतली नाही. चार-सहा महिन्यांत काका तो प्रसंग विसरूनही गेले. कुणी विचारलंच, तर हसून सांगायचे, "हिला गाडीची आवडच नाही हो."

आणि दर सर्व्हिसिंगला ते मेकॅनिकला बॉनेट दाखवायचे. इतकी वर्षं झाली, एक टवका नाही, गाडी चालवायला हात लागतो. ती शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसलेली असायची. ऐकायची, पण कधी एक शब्द बोलली नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तोवर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेंटरला गाठलं आणि ठिपके तसेच ठेवून वरून लॅकर मारता येईल का, असं विचारलं. पेंटरने मान हलवली. नेलपॉलिशवर लॅकर बसत नाही, सुरकुत्या पडतात. सगळं साफ काढावंच लागेल. आपण हे का विचारतोय, ते काकांनी सांगितलं नाही. काम मात्र नीट करून देण्याचा शब्द त्यांनी नर्सबाईंना दिला होता.

ते पुन्हा कडेशी वाकले. जखम धुताना जसा कापूस धरत, तशी त्यांनी चिंधी धरली आणि एकेक ठिपका हलक्या हाताने पुसला. पॉलिशखाली उघडा पत्रा निघत होता, स्वच्छ, पांढरा. दाराच्या खालच्या कडेला, जिथे त्यांनी स्वतः लक्ष ठेवलं होतं, तिथे गंजाने पत्रा खाल्ला होता. या सात ठिकाणी गंजाचा डागसुद्धा नव्हता. टवका उडाल्यावर तिने एक दिवसही जाऊ दिला नसणार.

शेवटचा ठिपका पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

रविवारी सकाळी नर्सबाई आल्या. बॉनेट पाहून खूश झाल्या. ओघळ कुठेच नव्हता. त्यांचं लायसन्स नवंकोरं होतं. फाटकातून निघताना गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. गल्लीत मागे एक टेम्पो येऊन थांबला आणि हॉर्न वाजवू लागला. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा नर्सबाईंचे कान लाल झाले.

"काका, तुम्हीच काढून देता का बाहेर? खांबाला लागेल माझ्याकडून."

काका खिडकीशी गेले.

"लागू दे. रंगच आहे, परत लावता येतो. तुम्ही सावकाश सोडा क्लच. टेम्पोवाला थांबेल."

चौथ्या वेळी गाडी निघाली. हिसके देत, खांबाला हातभर अंतर ठेवून, गल्लीच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली.

टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काका, बाजूला होता का जरा?"

काका रस्त्याच्या मधोमध उभे होते. ते बाजूला झाले.