दहा हजार एक

टाइल जोडून भिंती सजवणं हा माझा धंदा. पण एका आकड्याने माझ्या नाकी नऊ आणले.

कारखाना बंद होताना, तिथे कधीही काम केलेल्या प्रत्येकाने मातीच्या ओल्या टाइलवर अंगठा उमटवला. भट्टीतून निघाल्या दहा हजार एक. त्यात एक माझ्या बाबांची, ओळखायला सोपी, कारण त्यांचा अर्धा अंगठा मशीनने खाल्ला होता. कारखान्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत या टाइलची भिंत करायची होती. आर्किटेक्टची अट एकच, लोखंडी चौकट गच्च भरायची. टाइल कापायची नाही, जागा रिकामी सोडायची नाही.

म्हणजे दहा हजार एकला कशाने तरी पूर्ण भाग जायला हवा. तीनने जाईना, सातने जाईना, अकराने जाईना. शंभरपर्यंत बघितलं की पुरे, एवढं मला कळत होतं. मोबाइलवर भागाकार करून करून डोकं फिरलं. एकाहत्तरनेही बाकी उरली, आणि तेवढ्यात त्याच मोबाइलवर आर्किटेक्ट टपकला.

"अहो मॅडम, चौकटवाला खोळंबलाय. माप सांगा की!"

"कसलं माप? या मेल्या आकड्याला कशानेच भाग जात नाही."

"मग एक काढून टाका. शंभर बाय शंभर. कोण मोजत बसतंय?"

एक काढायची, पण कोणाची? दुसऱ्याच्या घरचा अंगठा काढायची माझी छाती होईना. हक्काने अन्याय करायला आपलंच माणूस सापडतं. बाबांची टाइल मी पर्समध्ये टाकली. सांगू सांगू म्हणत त्यांना सांगितलंच नाही.

उद्घाटनाला निघताना बाबा इस्त्रीचा शर्ट घालत होते. मला ते अर्धवट सोडलेलं गणित टोचत होतं, म्हणून मोबाइल काढला. एकाहत्तरनंतर त्र्याहत्तर. बाकी शून्य. त्र्याहत्तर ओळी, एकेकीत एकशे सदतीस टाइल. त्या लांबट भिंतीला हाच आकार शोभला असता. मोबाइल आपटावासा वाटला. आर्किटेक्टला मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण एक भागाकार आधी थांबले होते मीच. आता सिमेंटही वाळलं होतं.

भाषणं संपली, लोक चहाकडे वळले. बाबा मात्र भिंतीला नाक लावून ओळीओळीने बोट फिरवत होते.

"बाबा, बसा ना जरा."

"थांब गं. दुसऱ्यांदा बघतोय. पहिल्यांदा नजरेतून सुटली असणार. मेले डोळेच गेलेत माझे."

पर्समधून टाइल काढून मी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं, अगदी त्र्याहत्तरसकट.

टाइलवर त्यांनी आपला अर्धा अंगठा ठेवून पाहिला. बरोबर बसला.

"म्हणजे डोळे ठीक आहेत माझे," ते म्हणाले, आणि चष्मा काढून खिशात ठेवला.