रांगेच्या पुढे जेरे

पावसाळा ओसरला की लुआंग्वा नदीकाठच्या वाटाड्यांना पहिलं काम करावं लागतं ते गेल्या वर्षीची वाट विसरण्याचं. झोपेत कूस बदलावी तशी नदी दर पावसात सरकते. या वर्षी तिनं मोठा काठ गिळला, आणि त्याबरोबर दुसऱ्या मुक्कामाची जागाही.

कापेम्ब्वा वाळूत काडीनं नवी वाट आखत बसला होता. रेघ काढायची, पुसायची, पुन्हा जवळपास तीच काढायची, ही त्याची रीत. पाहुण्यांना पायी रान दाखवण्यात त्याची निम्मी हयात गेली होती, तरी आपण आखलेली वाट बरोबर आहे असं त्याला एका दमात कधी वाटलं नव्हतं.

"कोंबडीसारखा काय उकरतोयस?" लेवीसन जेरे शेजारी बसला आणि त्यानं बंदूक मांडीवर आडवी ठेवली. "दाणे सापडले तर आम्हालाही दे."

"तुला दाणे कशाला? तुम्ही न्गोनी उंदीर खाणारे. जा, शेतात बीळ शोध."

"उंदीर निदान मक्यावर पोसलेला असतो. तुम्हा बेंबांचं ते माकड! ताटात बघितलं की वाटतं, तुझ्याच काकाचा हात शिजवलाय."

किटली घासत बसलेली व्हायनेस खळखळून हसली. चालताना चहाचं सामान घेऊन ती रांगेच्या शेवटी असे. सगळ्यात पुढे बंदूक घेतलेला जेरे, कारण अभयारण्याच्या रक्षकाशिवाय पाहुण्यांनी पाऊल टाकायचं नाही असा कायदाच होता. त्याच्या मागे कापेम्ब्वा, मग पाहुणे आणि शेवटी व्हायनेस.

बेंबा आणि न्गोनी या दोन जमाती एके काळी एकमेकांची डोकी फोडत. तह झाला तेव्हा भाल्यांच्या जागी शिव्या आल्या. हवं ते बोलावं, पण समोरच्यानं रागवायचं नाही. रागावला तो हरला. कापेम्ब्वाचे वडील वारले तेव्हा हाच जेरे शवपेटीशी उभा राहून ओरडला होता, "झाकण नीट ठोका रे! म्हाताऱ्याला माकडाचा वास आला तर उठून बसेल!" रडता रडता सगळा गोतावळा हसला होता, आणि त्यानंतरच कापेम्ब्वाला खरं रडू फुटलं होतं. ते उपकार तो विसरला नव्हता. म्हणूनच आज जे बोलायचं होतं ते तो पुढे ढकलत होता.

आदल्या दिवशी तिघं नवी वाट बघायला गेले होते. ओढ्याकाठचं गवत अजून माणसापेक्षा उंच होतं. चालता चालता पुढून कर्कश चिरचिर आली. रानरेड्याच्या अंगावरचे गोचीड टिपणारे पक्षी बिचकले की असे ओरडतात. कापेम्ब्वा जागीच थांबला. जेरे चालत राहिला. कापेम्ब्वानं जीभ टाळ्याला लावून टकटक केलं, ती त्यांची थांबायची खूण. तरीही जेरे चालतच होता. शेवटी कापेम्ब्वानं धावत जाऊन त्याच्या बंदुकीचा पट्टा मागे खेचला. गवत हललं आणि चिखल वाळलेली शिंगं वर आली. म्हातारा रेडा दोघांकडे बघत राहिला, आणि काय मनात आलं कोण जाणे, वळून निघून गेला.

"तुझी परीक्षा घेत होतो, माकडखाऊ," जेरे म्हणाला होता. "जागा आहेस का झोपेत चालतोयस ते बघितलं."

सगळे हसले. कापेम्ब्वाही हसला. पण परतताना त्याला एकेक गोष्ट आठवत गेली. गेल्या हंगामात पाहुण्यांनी मागून विचारलेले प्रश्न जेरे तसेच सोडून द्यायचा, आणि आपण त्यांना समजावायचो, माणूस जरा तुसडा आहे.

आता दोन पाहुण्या बहिणींची फेरी आठवड्यावर येऊन ठेपली होती. पूर्वी त्या आल्या असताना एक हत्तीण कान पसरून अंगावर आली होती. जेरेनं बंदूक उचललीच नाही. नुसत्या टाळ्या वाजवत, तिच्याशी बोलत बोलत तिला मागे फिरवलं होतं. आता वय झालेल्या त्या दोघींनी निरोप धाडला होता: एकदा शेवटचं चालायचंय, पण जेरे पुढे असेल तरच. जेरेनं हा निरोप अख्ख्या गावाला ऐकवला होता.

कापेम्ब्वानं थट्टेतूनच वाट काढायचं ठरवलं. "त्या बायकांना सांगून टाकू का, की पुढे चालणारा बहिरा झालाय?"

"सांग की," जेरे लगेच म्हणाला. "आणि मागे चालणारा मुका आहे हेही सांग. काल रेडा बघून तोंडातून शब्द फुटेना याच्या. पोर आईचं लुगडं ओढतं तसा माझा पट्टा ओढत बसला!"

व्हायनेस हसून हसून बेजार झाली. कापेम्ब्वाला वाटलं, खरंच की, आपण ओरडायला हवं होतं. आपलंच चुकलं असेल. कदाचित याला ऐकू आलंही असेल.

जेरे पाठ फिरवून बंदुकीची नळी पुसायला लागला. कापेम्ब्वा काही पावलं मागे सरला आणि नेहमी बोलतो त्याच आवाजात म्हणाला, "न्गोनी लोक दक्षिणेतून लढत आले म्हणतात. खोटं आहे. पळत आले. वाटेत दम लागला म्हणून इथं राहिले."

आजवर या वाक्यावर जेरे गप्प बसला नव्हता. भर लग्नात तो मक्याच्या पिठाच्या नशिम्याचा घास टाकून उठला होता आणि बेंबांच्या सात पिढ्या उद्धारून मगच परत जेवायला बसला होता.

जेरे नळी पुसत राहिला.

व्हायनेसचं हसू थांबलं. तिनं किटली खाली ठेवली. "तुम्हीच बोला आता," ती कापेम्ब्वाला हळूच म्हणाली. "मी सगळ्यांच्या मागे असते. काही झालं तर मला पळता येईल. त्या म्हाताऱ्या बायांचं काय?"

कापेम्ब्वा जेरेच्या समोर जाऊन बसला. "बाबा जेरे," तो म्हणाला, "तुम्हाला ऐकू येत नाही."

जेरे त्याच्या तोंडाकडे बघत थांबला. "पुढे? थट्टा अर्धीच सांगितलीस."

"एवढंच आहे."

"बाबा जेरे? तुम्हाला?" जेरेनं फडकं बाजूला टाकलं. "मेलो का मी, असं सरळ बोलायला?"

"मेला असतात तर थट्टा केली असती."

जेरे उठून काठावर गेला. खाली पाणघोडे डरकत होते. तो परत आला तेव्हा त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "डावा कान कधीच गेला. बंदुकीच्या बारांनीच गेला असणार. उजव्यात थोडं होतं, तेही या पावसात कमी झालं. हे बघ, एवढी एक फेरी होऊ दे. त्या माझ्या नावावर येतायत. फेरी झाली की मी आपणहून कचेरीत सांगतो. तू फक्त तोंड मिटून राहा. ते तर तुला जमतंच."

हो म्हणावं असं कापेम्ब्वाच्या फार मनात आलं. त्यानं काडी उचलली आणि वाट पुसली. ओढा टाळून जळलेल्या माळावरून नवी रेघ काढली. तिथं दूरवरचं दिसतं, कानांचं काम पडत नाही. पण माळावर मुक्कामाला पाणी नव्हतं. तीही पुसून त्यानं मोपानी झाडांच्या रानातून एक काढली. मोपानीतून नदीवर उतरायला पुन्हा तेच उंच गवत आडवं येत होतं. त्यानं अजून एक काढली. जेरे वाकून बघत होता. मग त्यानंच कापेम्ब्वाच्या हातून काडी घेतली, पाण्याच्या बाजूनं एक वळसा काढून बघितला आणि गवतापाशी थांबला.

"इथं डोळे चालत नाहीत," जेरे म्हणाला.

"नाही चालत."

"मग उद्या कचेरीत जाऊ. पण तू बरोबर यायचं. त्या बाई कागदात बघून बोलतात, मला काही कळत नाही."

कचेरीतल्या अधिकारी शावाबाई खरंच कागदात बघून बोलत. कापेम्ब्वा जेरेच्या उजव्या हाताला बसला.

"यांनी हे आधी का सांगितलं नाही?" बाईंनी विचारलं.

कापेम्ब्वानं ते जेरेच्या कानात मोठ्यानं म्हटलं. दारातला शिपाई वळून बघायला लागला.

"सांगितलं असतं तर पुढे चालू दिलं असतं का? त्यांना विचार," जेरे म्हणाला.

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांचा सूर मऊ झाला. "रानात आता नाही पाठवता येणार. फाटकावर जागा आहे. अडसर वर-खाली करायचा. पाहुण्यांबरोबर ती तरुण रक्षक, तामारा, जाईल."

कापेम्ब्वाची जीभ अडखळली. "त्या म्हणतायत, विचार करून—"

"त्यांचं तोंड मलाही दिसतंय," जेरे म्हणाला. "माकडखाऊ, खोटं तुला कधी जमलं नाही. सरळ सांग."

"फाटकावर," कापेम्ब्वा त्याच्या कानात म्हणाला. "रानात नाही."

जेरेनं बंदुकीतल्या गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या आणि शेजारी बंदूक ठेवली. बाहेर आल्यावर म्हणाला, "त्या दोघींना तू काही कळवू नकोस. गाडी फाटकावरूनच येणार ना? मी सांगेन. मग त्यांना फिरायचं तर फिरू देत मागे."

बहिणी आल्या त्या सकाळी कापेम्ब्वा फाटकापाशी उभा होता. शेजारी तामारा बंदूक घेऊन, ताठ आणि अबोल. गाडी थांबली. थोरली बहीण खाली उतरली आणि जेरेला बघून तिनं हात पसरले.

"मी पुढे नाही," जेरेनं आधीच सांगून टाकलं, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. "कान गेले. तुम्हाला फसवून नेलं असतं, या माणसानं नेऊ दिलं नाही. पुढे ही पोरगी असेल. तीन दिवस मी बिनबंदुकीचा हिच्याबरोबर ती नवी वाट चाललोय. गवतात शिरली की ही आधी उभी राहून ऐकते, मग पाय टाकते. तुमच्या जागी मी असतो तर मीही हिच्या मागून गेलो असतो."

थोरलीचे हात हळूहळू खाली आले. तिनं तामाराकडे बघितलं, मग गाडीत बसलेल्या धाकटीकडे. धाकटी काहीतरी म्हणाली. जेरेनं मान कापेम्ब्वाकडे वळवली.

"काय म्हणाली?"

कापेम्ब्वा त्याच्या उजव्या बाजूला आला. "म्हणतायत, जाऊ. पण आमची चाल सावकाश आहे, पोरीला सांगा."

"सांग मग," जेरे म्हणाला आणि दोरीला हात घालून त्यानं अडसर वर खेचला.