गुडघ्यावरची खूण

दुपारी रानात शिरण्याआधी जुन्या झाडांची परवानगी मागायची हाक यापुढे कोण देणार, हे हूहाना मावशी त्या दिवशी ठरवणार होती. तिच्या गुडघ्यांना आता रानातली पायवाट झेपत नव्हती.

एकोणीस वर्षं मी पाहुण्यांना सकाळी वाइटोमोच्या गुहेत आणि दुपारी रिमूच्या उंच झाडांच्या रानात नेतेय. माझी मावसबहीण तिआहुइया वेलिंग्टनहून परतली त्याला जेमतेम दोन हिवाळे झालेले. पण तिचा गळा! मानुकाच्या मधातून गाळून काढल्यासारखा.

"मेरेआना, आज होडी तिला ओढू दे," मावशी म्हणाली. "हात कसा आहे बघू."

"गळा तर बघूनच ठेवलायस."

"जळतेस का गं?"

"छे! मी कशाला जळू?"

गुहेत बोलायचं नाही. डोक्यावरची तार हातांनी ओढत होडी पुढे न्यायची. वर निळ्या उजेडाच्या अळ्या, आभाळ उतरून दगडाला चिकटावं तशा. अळी जितकी भुकेली तितकी लखलखते. मीही लखलखत असेन. तिसऱ्या वळणाला खडक खाली येतो. तिथे जाणत्या बाईने ओढणारीच्या गुडघ्यावर दोनदा टकटक करायची, म्हणजे ती होडी डावीकडे घेते. मी हात उचलला. पुन्हा मांडीवर ठेवला.

धाडकन होडी आदळली. एक बाई किंचाळली, कुणीतरी फोनचा दिवा लावला आणि भोवतालच्या अळ्या विझत गेल्या.

"दिवा बंद करा हं," तिआहुइया हळूच म्हणाली आणि गुणगुणू लागली. आमच्या आजीची अंगाई. माझ्या आजीची, मी तिच्या कुशीत ऐकलेली! पाहुणे निवले. एकेक ठिपका परत पेटला. मला तो प्रत्येक ठिपका टोचला.

दुपारी रानाच्या तोंडाशी मावशीने विचारलं, "खडकापाशी मेरेआनाने खूण केली नव्हती?"

मी झाडांकडे पाहिलं.

"केली होती मावशी," तिआहुइया म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं."

"मग हाक मेरेआनाची. लक्ष नसलेलीला रान देत नाही मी."

आठ पाहुणे मागे रांगेत उभे. हजार वर्षांचे बुंधे ओले, शेवाळलेले. वाट पाहत होते. मी तोंड उघडलं, आणि त्या झाडांपुढे खोटं पुढे सरेना.

"खूण मी केलीच नाही, मावशी. मुद्दाम."

मावशीने काठी नुसती चिखलात फिरवली. "मग सरक बाजूला."

मी सरकले. तिआहुइया माझ्या जागी उभी राहिली, माझ्याकडे न बघता. तिची हाक फांद्यांतून वर गेली, आणि वरून कुठल्याशा पाखराने ओ दिली. एकोणीस वर्षांत मावशीच्या हाकेलासुद्धा एकाही पाखराने ओ दिली नव्हती.

मी पाहुण्यांच्या मागे, शेवटून चालू लागले. पुढे एक मूळ वाटेवर आलेलं, हे मला ठाऊक होतं. मी धावत पुढे जाऊन तिआहुइयाच्या कोपराला दोनदा टकटक केली.

"दिसलंय मला," ती म्हणाली.