कापसातल्या बांगड्या

गल्लीत सगळे तिला कपाटवहिनी म्हणत, आणि तिला त्यात अपमान वाटत नसे. घरातलं सर्वांत मोठं कपाट तिच्या बांगड्यांचं होतं. नवऱ्याचे शर्ट खुर्चीच्या पाठीवर, मळलेले वर आणि इस्त्रीचे खाली. त्यानं एकदा कपाटात एका हँगरपुरती जागा मागितली, तेव्हा "घामाच्या कपड्यांनी चांदी काळी पडते," एवढं ऐकून बिचारा मुकाट्यानं खुर्चीकडे वळला.

सांभाळण्याचं तिचं शास्त्रच होतं. लाखेच्या बांगड्या उन्हापासून लांब, खालच्या खणात. चांदीच्या बांगड्या घट्ट पिशवीत, बुटांच्या खोक्यातून निघालेल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट. काचेच्या बांगड्या मऊ कापडाच्या गुंडाळीवर, आणि दर दोन बांगड्यांमध्ये कापसाचा थर, कारण काच काचेला लागली की टवका उडतो. वर्षातून दोनदा सगळा कापूस बदलायचा. त्या दिवशी घरात पंखा बंद, बोलणं हळू आणि जेवण कालचं. पंचवीस वर्षांत एकही बांगडी फुटली नव्हती, आणि पाहुण्यांना हे चहाच्या आधी कळायचं.

घालायच्या कधी? चांगल्या प्रसंगी. प्रसंग मात्र तिच्या पसंतीस उतरत नसत. लग्नात धक्काबुक्की, वाढदिवसाला चिकट हात, आणि फोटो काढावा तर फोटोवाला मनगट कापून टाकतो. त्यामुळे रोज तिच्या हातात काय, तर भाजीच्या जुडीचं रबर.

त्याच घरात धाकटी जाऊ काचेच्या बांगड्या घालूनच भांडी घासायची, कणीक मळायची, दार बडवायची. महिन्याला दोन तरी फुटायच्या. ती तुकडे केराच्या सुपलीत लोटायची आणि नव्या आणायची. गाढवाला गुळाची चव काय, असं कपाटवहिनी मनात म्हणायची, आणि कधीकधी मनाबाहेरही.

मुलीला परगावी नोकरी लागली. निघायच्या आदल्या दुपारी कपाटवहिनीनं जे कधी केलं नव्हतं ते केलं: सगळं कपाट पलंगावर मांडलं. सोबत निगा राखण्याच्या सूचना, दोन पानं, दोन्ही बाजूंनी.

"हवं ते घे. आईची आठवण म्हणून," ती म्हणाली. पोरगी रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

मुलगी गुंडाळ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, रागवू नकोस. मी काकूकडून घेतल्यात दोन." तिनं रुमाल सोडला. आत लाल काचेच्या दोन बांगड्या.

"ह्या? अगं, टवका उडालाय हिचा!"

"उडू दे. शाळेतून आले ना, की जिन्यातच ह्या वाजलेल्या ऐकू यायच्या. कळायचं, घरी कुणीतरी आहे."

"आणि मी कुठे होते?"

"तू होतीसच गं. पण तुझा आवाज नाही यायचा."

मुलगी बॅग भरायला आत गेली. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे हातात कांकणच नव्हतं, त्यामुळे आरशापुढे उभं राहूनही कपाटवहिनीला काही सुचेना. तिला फार लागलं. मग रबर काढून तिनं हिरव्या काचेची गुंडाळी सोडली, कापूस उपटून फेकला आणि पहिली बांगडी हातात घातली. ती अंगठ्याच्या सांध्यापाशी अडली. बांगड्या पंचवीस वर्षं जपल्या होत्या, हात तेवढाच राहील याची तजवीज मात्र कुणी केली नव्हती.

शेवटी तिनं जावेला हाक मारली. पंचवीस वर्षांतली ही पहिली, जिच्यात तक्रार नव्हती.

जाऊ साबण घेऊनच आली. "हात सैल सोडा, ताई. कपाटाची किल्ली धरल्यासारखा काय आवळलाय!"

पहिल्या दोन फुटल्या. एक ओरखडा आला, थेंबभर रक्त.

"कापूस आणू?" नवऱ्यानं दारातून विचारलं. घरात कापसाला तोटा नव्हता.

"नको!" दोघी एकदमच म्हणाल्या.

सहा चढल्या. कपाटवहिनी स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं, साखर टाकून ढवळू लागली.

"काकू, चहा टाकलास का?" आतून मुलीनं विचारलं. "माझाही टाक गं."

"काकू नाही," ती म्हणाली. "मी आहे."

आतला बॅगेचा आवाज थांबला. मुलगी येऊन दारात उभी राहिली, आईच्या हाताकडे बघत. मग चौकटीला टेकली.

साखर केव्हाच विरघळली होती. कपाटवहिनी ढवळतच राहिली.